पालक फाटकाबाहेरच का?

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूरच्या रेल्वे स्थानकात शेकडो आणि बघता बघता हजारो नागरिक रुळांवर उतरले. सकाळपासून सायंकाळपर्यंत त्या मार्गावरील लोकल वाहतूक ठप्प झाली. शहराच्या पूर्व भागातील एका शाळेत शिशुवर्गातील दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले होते आणि तक्रार नोंदवून घेण्यास झालेल्या विलंबामुळे पालकांच्या संतापाचा कडेलोट झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. विशेष तपास पथक नेमले गेले. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या ताब्यात असतानाच गोळीबारात ठार झाला आणि त्यानंतर चर्चेचा सारा ओघ पोलिसांकडे, न्यायालयाकडे आणि तोंडावर आलेल्या निवडणुकीकडे वळला.

या सर्व गदारोळात एक प्रश्न मागे राहिला. जो समाज एका दिवसात हजारोंच्या संख्येने रुळांवर उतरू शकतो, तो समाज त्यापूर्वीच्या वर्षभरात शाळेच्या फाटकातून आत किती वेळा गेला होता? रोज सकाळी ज्या फाटकाशी मूल सोडायचे, त्या फाटकाच्या आत कोण काम करते, कंत्राटदाराने कोणाला नेमले आहे, लहान मुलांना स्वच्छतागृहात कोण नेते, वर्गात किती मुलांमागे किती शिक्षिका आहेत, हे कितीजणांना ठाऊक असते? हा प्रश्न एका शाळेपुरता नाही आणि त्या दोन दुर्दैवी कुटुंबांना तर तो मुळीच विचारायचा नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या सलग वसलेल्या तिन्ही शहरांतील, किंबहुना महाराष्ट्रातील बहुतेक शाळांना आणि बहुतेक पालकांना तो विचारावा लागेल. उत्तर सर्वत्र जवळपास सारखेच आहे. पालकाची हद्द फाटकापाशी संपते, असे शाळेने ठरवले आहे आणि पालकाने ते निमूटपणे मान्य केले आहे.

कायदा आहे, पण अर्ध्याच शाळांसाठी

शासनाला याची जाणीव नव्हती, असे म्हणता येणार नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमाने प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी, तिच्यातील किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात, असे बंधन घातले. बाविसाव्या कलमाने शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे काम या समितीवर सोपवले. चोविसाव्या कलमाने तर शिक्षकाचे कर्तव्यच सांगितले आहे की, त्याने पालकांच्या नियमित बैठका घ्याव्यात आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रत्यक्ष प्रगती त्यांना सांगावी. कागदावर पाहिले तर यापेक्षा अधिक काय हवे?

परंतु कागदाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. एकविसाव्या कलमातून विनाअनुदानित खासगी शाळा वगळण्यात आल्या. २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांमधील समित्यांचे काम केवळ सल्ला देण्यापुरते राहिले. म्हणजे ज्या शाळांमध्ये मध्यमवर्गाची मुले मोठ्या प्रमाणावर जातात, नेमक्या त्याच शाळांत पालकांच्या समितीला एक तर स्थान नाही किंवा असले तरी अधिकार नाही. खासगी शाळांसाठी महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यात पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती यांची तरतूद आहे. पण या समितीचा अध्यक्ष शाळेचा मुख्याध्यापकच असतो आणि तिचा मुख्य विषय असतो शुल्क. पालकाने शाळेशी बोलायचे ते पैशांविषयी, अशीच जणू कायद्याची अपेक्षा आहे. मुलाला वाचता येते की नाही, वर्गात त्याला प्रश्न विचारू दिला जातो की नाही, तो वर्गात भेदरून बसतो की मोकळेपणाने बोलतो, या गोष्टींसाठी त्या बैठकीत जागाच उरत नाही.

मार्च २०२२ मध्ये राज्य शासनाने ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करण्याचा निर्णय घेतला. शिक्षिका, पालक, समाजातील जाणत्या महिला आणि विद्यार्थी प्रतिनिधी यांनी मिळून शाळेतील मुला-मुलींच्या सुरक्षित वातावरणाकडे लक्ष द्यावे, ही कल्पना निश्चितच स्वागतार्ह होती. मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना घडल्यावर शासनाला याच समित्यांची नव्याने आठवण करून द्यावी लागली. अडीच वर्षांपूर्वीचा निर्णय दुर्घटनेनंतर पुन्हा बजावावा लागतो, तेव्हा तो निर्णय कोठे पडून होता हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. शासन समिती नेमू शकते. समितीत प्राण फुंकणे शासनाच्या हातात नाही. सही करण्यापुरते पालक मिळाले, नावे लिहिली गेली, इतिवृत्ताची वही पूर्ण झाली आणि तपासणी अधिकाऱ्याचेही समाधान झाले, असे वर्षानुवर्षे चालत आले आहे.

कॅमेऱ्याला मूल ओळखता येत नाही

घटनेनंतर शासनाने शाळांना सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचे, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेण्याचे आणि तक्रारपेटी ठेवण्याचे आदेश दिले. हे सारे आवश्यकच आहे आणि त्यात कुचराई करणाऱ्या शाळेची गय होता कामा नये. पण या उपायांची मर्यादा समजून घेतली पाहिजे. कॅमेरा घडून गेलेली गोष्ट दाखवतो. चार वर्षांचे मूल चार दिवस गप्प आहे, शाळेचे नाव काढताच रडते आहे, एका ठरावीक माणसाला पाहून मागे सरते आहे, हे त्याला कळत नाही. ते आईला कळते, आजीला कळते आणि मुलांची ओळख असलेल्या शिक्षिकेला कळते. मात्र आई आणि शिक्षिका एकमेकींशी मोकळेपणाने बोलत असतील तरच या दोन्हीकडच्या खुणा जुळतात. वर्षातून दोनदा, प्रगतिपुस्तक हाती देताना, रांगेत उभ्या असलेल्या पन्नास पालकांपैकी एक म्हणून मिळालेल्या दोन मिनिटांत त्या जुळण्याची शक्यता नाही.

तक्रारपेटीचेही तसेच आहे. ज्याला अजून अक्षरे गिरवायची आहेत, ते बालक तक्रारपेटीत कोणता कागद टाकणार? लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घालतो. पण माहिती होण्यासाठी आधी कोणीतरी जवळ असावे लागते. शाळेच्या आवारात शिक्षकांखेरीज चार आया, दोन आजोबा, एखादी निवृत्त परिचारिका यांचा रोजचा वावर असेल, तर दुष्ट प्रवृत्तीला एकांत मिळणेच कठीण होते. अशा नित्य उपस्थितीचा सर्वांत मोठा लाभ तर वेगळाच आहे. तिच्यामुळे मुलाचे शिकणे बदलते, आणि या प्रश्नाचा खरा गाभा तोच आहे.

ग्राहक झालेला पालक

दोष केवळ संस्थाचालकांचा नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मध्यमवर्गीय पालकाने स्वतःकडे ग्राहकाची भूमिका घेतली. शुल्क भरले, गणवेश घेतला, व्हॅन लावली, शिकवणी लावली. आता मुलाला शिकवणे हे त्यांचे काम, अशी त्याची धारणा झाली. ग्राहक दुकानाच्या मागच्या खोलीत जात नाही. माल बरा निघाला नाही तर तो दुसऱ्या दुकानात जातो किंवा भांडतो. संस्थाचालकांनाही हा ग्राहक सोयीचा वाटतो. तो स्नेहसंमेलनात टाळ्या वाजवतो, निकालाच्या दिवशी पेढे वाटतो आणि उरलेल्या वर्षभर फाटकाबाहेर राहतो.

हे नाते किती पोकळ आहे, हे करोनाच्या काळात सर्वांनी पाहिले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा राज्याचा उपक्रम सुरू झाला आणि घराघरांत भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वर्ग भरू लागले. मूल वर्गात काय ऐकते, कशात अडते, कोठे कंटाळते, हे अनेक पालकांना त्या काळात प्रथमच दिसले. तिसरीतल्या मुलाला साधी गोष्ट सलग वाचता येत नाही, हे कित्येक घरांत त्याच वेळी लक्षात आले. ही जाणीव शाळा उघडल्यानंतर टिकायला हवी होती. घडले ते उलटेच. शाळा उघडल्या, फाटके पुन्हा बंद झाली आणि पालकाच्या हाती राहिला तो केवळ सूचनांचा व्हॉट्सॲप गट, ज्यात बहुधा शाळाच बोलते आणि पालक अंगठा दाखवून मोकळा होतो.

शाळा उभारणारा समाज

पालकांना शिक्षणातले काय कळते, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी या तीन शहरांचाच इतिहास पाहावा. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या जागी नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हासनगर जन्माला आले. घरदार, जमीन, व्यापार सारे गमावून बराकीत राहणाऱ्या माणसांनी पोटापाण्याच्या सोयीबरोबर मुलांच्या शिक्षणाचीही काळजी वाहिली. सिंधमधील हैदराबादची शैक्षणिक परंपरा घेऊन आलेल्या मंडळींनी मुंबईत संस्था उभारली आणि त्याच संस्थेने १९६५ साली उल्हासनगरात चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी महाविद्यालय सुरू केले. त्या पिढीच्या दृष्टीने शिक्षणसंस्था हे समाजाच्याच घराचे एक दालन होते.

महाराष्ट्राच्या अन्य भागांतही हेच घडले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, तेव्हा तिच्या पाठीशी कोणतेही मोठे भांडवल नव्हते. घरोघरच्या माउलींनी दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि त्यातून वसतिगृहातील मुलांची चूल पेटायची, ही मुष्टिफंडाची योजना होती. ज्या आईने मूठभर जोंधळे दिले, तिला ती शाळा आपली वाटली. तिची मूठ आज शुल्काच्या पावतीत रूपांतरित झाली आहे. आपलेपणा मात्र त्या पावतीवर येत नाही.

त्याहून जवळचा दाखला जुन्या ठाणे जिल्ह्यातील आहे. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वंचित वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर या दोघींनी त्यांच्या पालकांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली आणि अंगणवाडी ही कल्पना जन्मास आली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झाले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून कुरणावर शाळा भरवली गेली. आई अंगणात उभी राहून मुलाचे शिकणे पाहत होती, शिक्षिका आईच्या घरातले जगणे पाहत होती. आज देशभर पसरलेल्या अंगणवाडीचे मूळ या दोन नजरांच्या भेटीत आहे.

परदेशातील शिक्षणपद्धतींचे ज्यांना अप्रूप आहे, त्यांच्यासाठी इटलीचे उदाहरण पुरेसे ठरावे. रेज्जिओ एमिलिया या नगराची बालशिक्षणपद्धती आज जगभर नावाजली जाते आणि महानगरांतील महागड्या शाळा तिचे नाव फलकावर मिरवतात. तिचा प्रारंभ १९४५ साली, महायुद्ध संपताच, जवळच्या एका खेड्यातील सामान्य पालकांनी केला. जर्मन सैन्य मागे सोडून गेलेला एक रणगाडा, काही मालमोटारी आणि घोडे विकून आलेल्या पैशांतून आणि पडक्या घरांच्या विटांतून त्यांनी मुलांसाठी शाळा बांधली. शिक्षणतज्ज्ञ लोरिस मालागुझ्झी ते काम पाहण्यास सायकलवरून गेले आणि तेथेच गुंतले. विस्थापितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरला ही कथा परकी वाटू नये. आश्चर्य एवढेच की, तिकडच्या पद्धतीचे नाव घेणाऱ्या शाळांना तिच्या मुळाशी असलेला पालक मात्र नकोसा वाटतो.

वर्गात समाज म्हणजे नेमके काय?

पालकांच्या सहभागाचा अर्थ पुष्कळदा फार उथळ घेतला जातो. सहलीला गाडी मिळवून देणे, स्नेहसंमेलनाला वर्गणी देणे, वर्गाच्या भिंती रंगवून देणे, म्हणजे सहभाग नव्हे. मुलाच्या शिकण्यात समाजाचे ज्ञान आणि अनुभव उतरणे हा त्याचा खरा अर्थ आहे. या तीन शहरांत अशा ज्ञानाची काय वानवा आहे?

परिसर अभ्यासाच्या पुस्तकात जलप्रदूषणाचा पाठ असतो. तो वाचून मुले प्रश्नोत्तरे पाठ करतात. इकडे मलंगगडाच्या डोंगरातून निघालेली वालधुनी अंबरनाथ आणि उल्हासनगरमधून वाहताना कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी पोटात घेते आणि काळवंडते. याच नदीत पोहल्याचे सांगणारे आजोबा अद्याप हयात आहेत. असे एक आजोबा तासभर वर्गात बसले आणि त्यांनी मुलांना नदीकाठी नेऊन जुन्या खुणा दाखवल्या, तर तो धडा मुलाच्या मनात जन्मभर राहील. नदी कोणी बिघडवली आणि ती कोण सुधारणार, हा प्रश्न त्या वयात पडलेला नागरिक पुढे स्वस्थ बसणार नाही.

याच नदीच्या काठी अंबरनाथचे शिवमंदिर उभे आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले, शिलाहार राजवटीतील हे भूमिज शैलीचे मंदिर पाहण्यास दुरून अभ्यासक येतात. शहरातील किती शाळांच्या इतिहासाच्या तासाला त्या पायऱ्यांवर वर्ग भरतो? दगड कसा घडवला, कोनाड्यांचे प्रमाण कसे साधले, हे समजावून सांगणारा एखादा गवंडी किंवा शिल्पकार कोणा ना कोणा मुलाचा पिता किंवा काका असतोच. अंबरनाथच्या आयुध निर्माणीत आणि यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांत आयुष्य घालवलेले कुशल कामगार निवृत्त होऊन घरी बसले आहेत. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे काय, हे दशांश अपूर्णांकाच्या तासाला त्यांच्याइतके नेमकेपणाने कोण सांगेल? उल्हासनगरच्या कापड बाजारातील व्यापारी नफा-तोट्याचे गणित फळ्यावर मांडू शकेल. लाकडी सामान बनवणारा कारागीर कोन आणि क्षेत्रफळ हाताने दाखवू शकेल. बदलापूरच्या आसपासच्या पाड्यांतील ठाकूर आणि कातकरी माउलींना रानभाज्यांची, वनौषधींची जी जाण आहे, ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

भाषेचा प्रश्न तर अधिक जिव्हाळ्याचा आहे. या पट्ट्यात मराठीबरोबर सिंधी, हिंदी, गुजराती बोलणारी घरे आहेत. आगरी बोली आहे. १९६७ साली सिंधी भाषेचा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात समावेश झाला. तरीही उल्हासनगरातील नव्या पिढीचे सिंधी क्षीण होत गेले आणि सिंधी माध्यमाच्या शाळा ओस पडल्या. मराठी माध्यमाच्या शाळांचीही वाट त्याच दिशेने चालली आहे. मुलाची आजी ज्या भाषेत गोष्ट सांगते, ती भाषा वर्गाच्या उंबऱ्याशीच अडवली जात असेल, तर मुलाला घर एकीकडे आणि ज्ञान दुसरीकडे, असे वाटू लागते. आठवड्यातून एक तास आजीची गोष्ट तिच्याच भाषेत वर्गात ऐकवली, तर त्यासाठी कोणते अनुदान लागणार आहे?

आक्षेपांचा विचार

यावर काही आक्षेप घेतले जातील. ते टाळण्याऐवजी तपासून पाहणेच योग्य.

पहिला आक्षेप वेळेचा आहे आणि तो खरा आहे. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटरचे. पहाटेची लोकल पकडून निघालेला पिता आणि आता निघालेली माताही मूल जागे होण्यापूर्वी घर सोडतात आणि ते झोपायच्या वेळी परततात. अशा पालकाला महिन्याच्या कामकाजाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता बैठकीस बोलावणे म्हणजे त्याने येऊ नये अशी व्यवस्था करणेच होय. बैठक रविवारी घ्यावी, सायंकाळी उशिरा घ्यावी, एखाद्या सोसायटीच्या सभागृहात घ्यावी. शिवाय पालक म्हणजे केवळ आई-वडील नव्हेत. निवृत्त आजी-आजोबा, शेजारच्या शिकलेल्या गृहिणी, महाविद्यालयात जाणारी ताई आणि दादा हे सारे मुलाच्या परिवारात येतात. महिन्यातून एक तास देऊ शकणारे कोणीच नाही, असे घर विरळा.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे. पालक वर्गात आले की लुडबूड करतील, शिकवण्यात दोष काढतील, स्वतःच्याच मुलाकडे लक्ष देण्याचा आग्रह धरतील, ही भीती अगदीच निराधार नाही. समित्यांमध्ये स्थानिक राजकारण शिरल्याची उदाहरणेही पुष्कळ सापडतील. त्याला उत्तर आहे मर्यादांचे स्पष्ट नियम. काय शिकवायचे आणि कसे शिकवायचे हा अधिकार शिक्षकाचाच राहील. पालक शिक्षकाने आखलेल्या कामात मदतनीस म्हणून येईल. येणाऱ्या प्रत्येकाची नोंद आणि पडताळणी होईल आणि कोणीही मुलांसोबत एकटा राहणार नाही. बदलापूरनंतर तर हा शेवटचा नियम सर्वांना, अगदी ओळखीच्या माणसालाही, लागू केलाच पाहिजे. जनगणना, निवडणूक आणि सतराशे साठ ऑनलाइन माहित्या भरण्याच्या ओझ्याखाली दबलेल्या शिक्षकाला खरे तर समाजाच्या आधाराची सर्वाधिक गरज आहे. पालक त्याचा साक्षीदार झाला, तर हे ओझे कमी करण्याची मागणी करणारा आवाजही अधिक बळकट होईल.

तिसरा आक्षेप सर्वांत अन्यायकारक आहे. झोपडवस्तीतील, अल्पशिक्षित पालकांना यातले काय कळणार, असे सुशिक्षित मंडळी सहज बोलून जातात. राज्यात २०२२ साली झालेल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात आयांचे छोटे गट करण्यात आले. त्यांना साध्या कृती सुचवण्यात आल्या. भाज्या मोजणे, कपड्यांचे रंग आणि आकार ओळखणे, चित्र पाहून गोष्ट सांगणे अशा या कृतींसाठी आईला अक्षरओळख असणेही आवश्यक नव्हते. आवश्यक होता तो मुलाजवळ बसण्याचा वेळ आणि शाळेने तिच्यावर टाकलेला विश्वास. कोसबाडच्या टेकडीवर सिद्ध झालेली ही गोष्ट शहरी सुशिक्षितांना अद्याप पटू नये, याचा खेद वाटतो.

करायचे काय?

शासनाकडे दोन मागण्या ठामपणे केल्या पाहिजेत. विनाअनुदानित खासगी शाळांनाही पालकांचे बहुमत असलेली व्यवस्थापन समिती बंधनकारक करावी आणि तिच्या विषयांत शुल्काबरोबर मुलांचे शिकणे व सुरक्षितता यांचा समावेश करावा. तसेच प्रत्येक शाळेने समितीच्या सदस्यांची नावे, बैठकांचे इतिवृत्त आणि शाळेत काम करणाऱ्या कंत्राटी कर्मचाऱ्यांसह सर्वांच्या नेमणुकीची माहिती फाटकापाशी फलकावर लावावी. जे फलकावर आले, ते वहीत दडपता येत नाही.

मात्र शासन हे करेल तेव्हा करेल, म्हणून समाजाने वाट पाहत बसण्याचे कारण नाही. या तीन शहरांत काय नाही? गणेशोत्सव मंडळे आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, भजनी मंडळे आहेत, सिंधी बांधवांचे दरबार आहेत, शेकडो गृहनिर्माण सोसायट्या आहेत. दहा दिवसांच्या उत्सवासाठी रात्रंदिवस राबणारे तरुण आहेत. यांपैकी प्रत्येक मंडळाने जवळची एक नगरपालिकेची किंवा महापालिकेची शाळा निवडावी. पहिल्या महिन्यात केवळ परिचय करून घ्यावा. कोणत्याही भाषणाविना, छायाचित्राविना. दुसऱ्या महिन्यात मुख्याध्यापकांना विचारावे की, वाचनात मागे पडलेली मुले किती आहेत. तिसऱ्या महिन्यापासून त्या मुलांसाठी आठवड्यातून दोन सायंकाळी वस्तीतच वाचनवर्ग सुरू करावा आणि तेथे शिक्षकाच्या सल्ल्यानेच काम चालावे. शिक्षकांनीही वर्षातून एकदा प्रत्येक मुलाच्या घरी जावे. मुलाचा अभ्यास कोठे बसून होतो, घरात दिवा किती वाजेपर्यंत असतो, शेजारी कोण आहे, हे पाहिलेला शिक्षक त्या मुलावर पूर्वीसारखा ओरडू शकत नाही.

खासगी शाळांतील पालकांनी तर आणखी एक करावे. पुढच्या पालकसभेत स्वतःच्या मुलाचे गुण विचारण्यापूर्वी तीन प्रश्न सर्वांसमक्ष विचारावेत. शाळेतील कर्मचाऱ्यांची पडताळणी कोणी आणि केव्हा केली? सखी सावित्री समितीत कोण आहेत आणि ती शेवटची कधी बसली? आणि पालकाला एक दिवस वर्गात बसून शिकवणे पाहता येईल काय? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर शाळेचे मनापासून अभिनंदन करावे. न मिळाल्यास उत्तर मिळेपर्यंत प्रत्येक सभेत ते विचारत राहावे. एकट्याने विचारल्यास ती तक्रार समजली जाते. वर्गातील वीस पालकांनी मिळून विचारल्यास शाळेला थांबून ऐकावेच लागते.

बदलापूरच्या रुळांवर उतरलेल्या समाजाचा संताप खरा होता. त्या संतापाची तीव्रता दिवसाच्या अखेरीस ओसरली आणि पुढच्या सोमवारी मुले पुन्हा फाटकाशी सोडली गेली. संतापाला एक दिवस पुरतो. मुलाचे शिक्षण दहा-बारा वर्षे चालते. त्या दहा-बारा वर्षांत महिन्याचा एक तास, एवढेच समाजाकडे मागणे आहे. जून महिन्यात शाळा नव्याने सुरू होतात. त्या दिवशी मुलाचे बोट धरून आलेला पालक फाटकापाशी बोट सोडून परतणार की मुलासोबत चार पावले आत जाणार, यावर या शहरांतील येत्या पिढीचे पुष्कळसे भवितव्य अवलंबून आहे.